हद्द कुणी आखायची?

जॉन लॉकने १६८९मध्ये जीवित, स्वातंत्र्य आणि मालमत्ता हे हक्क सरकारच्याही आधीचे ठरवले. पण समाजात सामील झालेल्याने बहुमताचा निर्णय मानलाच पाहिजे, हेही त्याच ग्रंथात आहे. कर बसवायला लागणारी ‘संमती’ लॉकच्या लेखी बहुमताचीच. मग माझी संमती आणि बहुमताची संमती एकच कशी? उदारमतवादाचा पुढचा इतिहास बराचसा या प्रश्नाशी झालेल्या झटापटीचा आहे.

फ्रेंच राज्यक्रांतीने प्रश्नाला धार आणली. लोकेच्छेच्या नावाने गिलोटिन चालल्यावर बेंजामिन कॉन्स्टंटने १८१९च्या पॅरिसमधील व्याख्यानात दोन स्वातंत्र्यांतला फरक मांडला. प्राचीनांचे स्वातंत्र्य सार्वजनिक निर्णयांत वाटा मिळण्याचे. आधुनिकांना त्याआधी खासगी आयुष्य आपल्या हाती हवे असते. १८५९मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने हद्दच आखून दिली: दुसऱ्याला इजा टाळण्यापुरतीच सक्ती. सरकारी जुलमापेक्षा समाजाचा जाच खोलवर जातो, हेही त्याने बजावले. मिल पचवलेल्या समाजसुधारक आगरकरांनी शरीरसंबंधासाठी मुलीचे किमान वय वाढवणाऱ्या १८९१च्या संमतिवयाच्या कायद्याला पाठिंबा दिला, तो या दृष्टीने पाहावा. बालवधूवरची सक्ती घरातून आणि रूढीतून येत होती. तिथे कायदा व्यक्तीच्या बाजूने उभा होता.

विसाव्या शतकात वाद अर्थशास्त्रज्ञांच्या हाती गेला. प्रत्येकाचा पसंतीक्रम सुसंगत असूनही बहुमताचा क्रम गोल फिरू शकतो (क हा ख-ला हरवतो, ख हा ग-ला आणि ग पुन्हा क-ला), हे कोंदोर्सेने १७८५मध्येच दाखवले होते. केनेथ ॲरोने १९५१मध्ये त्याचे व्यापक प्रमेय मांडले. जेम्स ब्युकॅननने १९५४मध्ये उलट विचारले, की समूह ही व्यक्तीच नाही, तर त्याच्याकडून व्यक्तीसारख्या सुसंगतीची अपेक्षा का? बाजारात ज्याने जे निवडले ते त्याला मिळते. मतदानात हरलेल्याच्या पदरी नको ते पडते, हा भेद त्याला महत्त्वाचा वाटला.

१९६२मध्ये ब्युकॅनन आणि गॉर्डन टलक यांनी या भेदाचा हिशेब मांडला. संमतीची अट सैल ठेवली, तर इतरांचे निर्णय माझ्यावर लादले जातात. कडक केली, तर वाटाघाटी संपत नाहीत आणि एखादा अडून बसतो. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांना हे शिकवावे लागत नाही. पुनर्विकासासाठी पूर्वी सभेतल्या तीन चतुर्थांश मतांची अट होती. २०१९च्या शासन निर्णयाने एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती पुरेशी ठरवली. इमारती मार्गी लागण्याची शक्यता वाढली, तशी नको म्हणणाऱ्याची ताकद घटली. लादलेल्या निर्णयांचा आणि अडलेल्या वाटाघाटींचा, हे दोन्ही खर्च एकदम शून्यावर आणणारी टक्केवारी अस्तित्वात नाही.

रॉबर्ट नोझिकने १९७४मध्ये राज्याला संरक्षण, न्याय आणि करारपालन एवढ्यापुरतेच ठेवून ही कोंडी फोडू पाहिली. पण त्याआधीच, १९७०मध्ये, अमर्त्य सेन यांनी एक अडचण दाखवली होती: व्यक्तीला अगदी थोडा खासगी अधिकार दिला, तरी तो सर्वांच्या एकमुखी पसंतीशी टक्कर घेऊ शकतो. बहुमत दूर ठेवले म्हणजे पेच सुटला, असे होत नाही.

व्यक्तीची हद्द कितीही पवित्र माना, ती आखणारी राज्यघटना शेवटी एकत्र बसूनच लिहावी लागते. म्हणून ब्युकॅननची विभागणी मला सर्वांत टिकाऊ वाटते: मूळ नियमांना जवळपास एकमत, रोजच्या कारभाराला साधे बहुमत. उदारमतवाद्याची कसोटी बहुमताला नावे ठेवण्यात लागत नाही. कोणत्या प्रश्नाला किती संमती लागेल, हे निकाल ठाऊक नसताना ठरवण्यात लागते.