सुटलेल्या धाग्याचा मान

घरात एखादे मूल बुद्धीने मागे राहिले, हातापायाने अधू झाले किंवा ऐकण्या-बोलण्यात कमी पडले, की आईबापांच्या मनात एकच प्रश्न घर करतो. आमच्या माघारी याचे काय होणार? ज्यांच्याजवळ पैसा आहे ते काही तजवीज करतात. रोजंदारीवर, कंत्राटावर किंवा धुण्याभांड्यावर ज्यांचे घर चालते, त्यांनी काय करावे? आई कामावर जाते, बाप पाळीवर जातो आणि वीस-बावीस वर्षांचा मुलगा दिवसभर उंबऱ्यावर बसून राहतो. आपल्या वस्त्यांतून फिरताना असे मुलगे आणि अशा मुली आम्हाला पुष्कळदा दिसतात. विचारले तर घरचे म्हणतात, "त्याला काही जमत नाही हो."

हे "जमत नाही" कोणी ठरवले, याचा विचार मात्र आपण करीत नाही. अशा मुलांना कामाला लावण्याचे प्रयत्न होतात. पाकिटे चिकटवणे, मेणबत्त्या करणे, कागदी पिशव्या बनवणे ही त्यातली नेहमीची कामे. ती चांगलीच आहेत, पण त्यांत एक अडचण असते. समोर एक नमुना ठेवलेला असतो आणि प्रत्येक वस्तू त्याच्यासारखीच व्हावी लागते. ज्याचा हात थरथरतो त्याचे पाकीट वाकडे होते. वाकडे पाकीट बाजूला पडते आणि थोड्या दिवसांनी ते करणाराही बाजूला पडतो.

नमुनाच नसेल तर? प्रत्येकाची वस्तू वेगळी होणे हाच ज्या कामाचा नियम असेल, असे काम आहे काय? असे एक काम आहे. ते जपानमध्ये सुरू झाले आणि त्याचे नाव आहे साओरी.

एक बाई आणि एक सुटलेला धागा

मिसाओ जो या बाईंचा जन्म १९१३ सालचा. ओसाका भागात राहणाऱ्या या गृहिणीने साठीकडे झुकलेल्या वयात, १९६० च्या दशकाच्या अखेरीस विणायला सुरुवात केली. घरच्यांनी तयार करून दिलेल्या मागावर त्यांनी ओबी विणला. ओबी म्हणजे जपानी बायका किमोनोवर कमरेला बांधतात तो रुंद पट्टा. विणून झाल्यावर पाहतात तो उभ्या धाग्यांपैकी एक सुटलेला, आणि त्यामुळे कापडात लांबच लांब फट पडलेली. कापडाच्या जाणकार व्यापाऱ्याने हे कापड सदोष ठरवले. बाजाराच्या हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबरच होते.

बाईंना मात्र ती फट सुंदर वाटली. यंत्राने विणलेल्या कापडात ती कधी आली नसती, माणसाच्या हातामुळे आली, असे त्यांना वाटले. मग त्यांनी मुद्दामच कितीतरी धागे सोडून दुसरे कापड विणले आणि ते ओसाकातल्या एका नामांकित दुकानात नेले. तिथल्या मालकाने ते वाखाणले आणि चांगल्या किमतीला विकत घेतले. एका दुकानात जो दोष ठरला, त्यालाच दुसऱ्या दुकानात मोल आले. कापडाची किंमत पाहणाऱ्याच्या नजरेवरही ठरते, हे बाईंनी ओळखले आणि आपली विणकला इतरांना शिकवायला सुरुवात केली.

साओरी या नावातला "सा" हा झेन बौद्ध परंपरेतल्या "साइ" या शब्दावरून घेतला आहे. प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक जिवाला स्वतःची वेगळी प्रतिष्ठा असते, असा त्याचा आशय. "ओरी" म्हणजे विणणे. यंत्र आणि माणूस यांत फरक कोणता, याचा विचार करा, हे या शिकवणीचे पहिले सूत्र. मिसाओ जो २०१८ साली, वयाच्या १०४ व्या वर्षी वारल्या. त्यांची विणकला आज जपानमधल्या दिव्यांगांच्या अनेक केंद्रांत आणि जगातल्या कित्येक देशांत चालते. २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या किनाऱ्यावर ज्यांचे सर्वस्व गेले, अशा लोकांनाही या मागाने काही आधार दिला.

माग कसा असतो, शिकवतात कसे

साओरीचा माग साधा असतो. पायाखाली दोन पट्ट्या. एक दाबली की निम्मे उभे धागे वर जातात, दुसरी दाबली की उरलेले निम्मे. मधल्या फटीतून धोटा सरकवायचा, फणी अंगाकडे ओढून आडवा धागा बसवायचा आणि दुसरी पट्टी दाबायची. एवढेच. मागावर ताणा भरणे हे विणकामातले सर्वांत किचकट काम असते. इथे आधी तयार केलेला ताणा मिळतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी, पहिल्याच तासात शिकणाऱ्याच्या हातून कापड निघू लागते. खुर्चीवर बसून विणायचे असते, आणि चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला जवळ बसता येईल असेही माग केलेले आहेत.

खरा फरक आहे तो शिकवण्यात. इथे शिक्षक नक्षी देत नाही. रंग कोणता घ्यावा हे सांगत नाही. काठ वाकडा गेला तरी उसवायला लावत नाही. सूत, लोकर, न कातलेला कापूस, फाटक्या कापडाची पट्टी, जे हाताला आवडेल ते घालावे. एखाद्याने तासभर लालच धागा घातला तर घालू द्यावा. दुसऱ्याने दर चार बोटांवर रंग बदलला तर बदलू द्यावा. शिक्षकाचे काम मागाची काळजी घेणे, तुटलेला धागा जोडून देणे आणि शेजारी बसणे, इतकेच.

हे वाचायला सोपे वाटते, पण करायला अवघड आहे. आपला हात आपोआप पुढे जातो. "अरे, असे नव्हे, असे!" म्हणत आपण मुलाच्या हातातले काम काढून घेतो. घरात आपण नेमके हेच करतो, आणि त्यातूनच "त्याला जमत नाही" हा निकाल पक्का होतो.

दोन वर्षांचा धीर

मोकळ्या हाताला धागा मिळाला आणि घाई झाली नाही, तर काय घडते याचे मोठे उदाहरण अमेरिकेत सापडते. ते काम विणाईचे नव्हे, धागा गुंडाळण्याचे आहे, पण मर्म तेच आहे. ज्युडिथ स्कॉट ही १९४३ साली जन्मलेली स्त्री. तिला डाऊन सिंड्रोम होता आणि ऐकू येत नव्हते. ऐकू येत नाही हे मात्र कितीतरी वर्षे कोणाच्या ध्यानातच आले नाही. ती बोलत नाही, उत्तर देत नाही, म्हणून शिकवण्यालायक नाही असा शिक्का बसला. सात वर्षांची असताना तिची रवानगी संस्थेत झाली आणि आयुष्याची सुमारे पस्तीस वर्षे तिने अशा संस्थांत काढली.

१९८० च्या दशकाच्या मध्यावर तिच्या जुळ्या बहिणीने तिला कॅलिफोर्नियात स्वतःजवळ आणले. १९८७ साली ती ओकलंडच्या क्रिएटिव्ह ग्रोथ या कलाकेंद्रात जाऊ लागली. जवळजवळ दोन वर्षे तिने कशातच रस दाखवला नाही. तरी तिला कोणी घरी पाठवले नाही. मग एक दिवस धाग्याचे काम करणाऱ्या शिक्षिकेच्या वर्गात तिने काही काड्या घेतल्या आणि त्यांच्याभोवती सूत गुंडाळायला सुरुवात केली. त्यानंतर २००५ साली मृत्यू येईपर्यंत तिचे हात थांबले नाहीत. सूत, दोऱ्या आणि कापड गुंडाळून तिने दोनशेच्या आसपास शिल्पे केली. ती आज मोठमोठ्या संग्रहालयांत आहेत.

प्रत्येक मूल ज्युडिथ स्कॉट होईल, असे आमचे म्हणणे नाही. विणकाम हे औषधही नव्हे. डॉक्टर, व्यायाम आणि शाळा यांची जागा ते घेत नाही. पण दोन वर्षे वाट पाहणारे लोक तिला लाभले नसते, तर तिच्या हातांत काय होते हे कोणाला कळले असते?

आपला आणि धोट्याचा संबंध

मागाशी आपले नाते जुने आहे. विदर्भात आपल्या कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या जाडेभरडे कापड विणले जाई. मुंबईच्या गिरण्यांत मात्र विणाईच्या खात्यात आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी भरताना धाग्याचे टोक तोंडाने ओढावे लागे आणि तेवढ्यावरून इतर कामगारांना विटाळ होई. चांगल्या मजुरीचे खाते आपल्याला बंद आणि कमी मजुरीची खाती तेवढी उघडी, असा तो न्याय होता. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे पुढे मांडला.

तेव्हा आपल्या हातांत कसब नव्हते असे नाही. मागापाशी कोणी बसायचे हे दुसऱ्यांनी ठरवले होते. आज आपल्याच घरात, आपल्याच मुलाला आपण न विचारता कामापासून दूर बसवतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरवणे आपण नाकारले. मग शरीरावरून आणि बुद्धीच्या वेगावरून ती ठरवणे आपल्याला कसे शोभेल?

दया नको, मोबदला हवा

एक गोष्ट डोळसपणे पाहिली पाहिजे. जपानमध्ये अशी कामे जिथे चालतात, त्या कित्येक कार्यशाळांत दिव्यांगांशी नोकरीचा करार नसतो, आणि त्यांच्या हाती पडणारी रक्कम तिथल्या किमान वेतनापेक्षा पुष्कळ कमी असते. त्यामुळे मागावर बसले की पोटाचा प्रश्न सुटला, असे समजू नये. कापडाचे कौतुक करायचे आणि विणणाऱ्याच्या हातावर चहापाण्याचे पैसे ठेवायचे, हाही एक अन्यायच आहे.

आपल्याकडचा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ सालचा आहे. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मान्य केले आहे. या कायद्याच्या कलम १९ नुसार बौद्धिक अपंगत्व, स्वमग्नता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी बाजाराशी जोडलेले खास कौशल्य प्रशिक्षण, सवलतीच्या व्याजाचे कर्ज आणि त्यांनी केलेल्या मालाची विक्री, या गोष्टी सरकारी योजनांत असल्या पाहिजेत. म्हणजे ही मागणी भीक नव्हे, कायद्यातली आहे. मात्र बहुतेक योजनांसाठी दिव्यांगत्वाचा दाखला आणि ओळखपत्र लागते. लोकलाजेस्तव कित्येक घरांत तो दाखलाच काढलेला नसतो. तो आधी काढावा. वस्तीतल्या शिकलेल्या तरुणांनी निदान हे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर घ्यावे.

घरच्या घरी सुरुवात

माग विकत घ्यायला पैसे नाहीत, म्हणून थांबायचे कारण नाही. फोटोची जुनी, मजबूत लाकडी चौकट घ्या. वरच्या आणि खालच्या पट्टीवर सुमारे एक-एक सेंटिमीटरवर बारीक खिळे ठोका. पक्की सुती दोरी वरच्या खिळ्यावरून खालच्या खिळ्यावर अशी ताणून भरा. हा झाला ताणा. जुन्या लुगड्यांच्या, साड्यांच्या दोन बोटे रुंदीच्या पट्ट्या फाडा. पुठ्ठ्याच्या तुकड्याला पट्टी गुंडाळली की धोटा तयार. एका दोरीखालून, एका दोरीवरून असा तो न्यायचा, परतताना उलटे करायचे आणि जाड दातांच्या कंगव्याने पट्टी खाली बसवायची. शेवटी दोऱ्या कापून दोन-दोनच्या गाठी मारायच्या.

ज्याचा एकच हात चालतो, त्याची चौकट टेबलाला घट्ट बांधून द्यावी. हात थरथरत असेल तर खिळ्यांतले अंतर वाढवावे आणि पट्ट्या जाड घ्याव्यात. दिसत नसेल तर सुतळी, लोकर, मऊ साडी असे हाताला वेगवेगळे लागणारे प्रकार वेगवेगळ्या डब्यांत ठेवावेत. कात्री आणि खिळ्यांची टोके सांभाळावीत. पंधरा-वीस मिनिटांत कंटाळा आला तर तिथेच थांबावे, जबरदस्ती करू नये.

आपल्या आयाबायांनी शिवलेल्या वाकळी आठवा. एकीसारखी दुसरी वाकळ कधी कोणी पाहिली काय? तरी तिची ऊब कमी झाली नाही. ज्या हातांनी त्या वाकळी शिवल्या, त्या हातांना ही चौकट परकी वाटणार नाही.

आठवड्यातून दोन दुपारी समाजमंदिराचा एक कोपरा, पाच-सहा चौकटी, घरोघरच्या जुन्या साड्या आणि शेजारी बसायला तयार असलेल्या दोन बहिणी, एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. महिला मंडळांनी ते मनावर घ्यावे. विणलेली चटई, पिशवी किंवा आसन विकले गेले, तर विणणाऱ्याच्या संमतीने त्यावर त्याचे नाव घालावे, आणि पैसे त्याच्याच बँक खात्यात जमा करावेत. हिशेबाची वही सर्वांना पाहता यावी. त्याचे कापड वाकडे झाले तर उसवू नका. ते त्याने विणलेले आहे.