किडनीच्या रांगेत कुठून उभं राहायचं?

बायकोचं डायलिसिस सुरू झालं तेव्हा मीही विचारत सुटलो, इथे वर्षाला किती ट्रान्सप्लांट होतात? प्रश्नच चुकला होता. आपल्याकडे बहुतेक किडन्या घरचेच देतात. माझी तिला जुळत नव्हती.

मुंबईत झेडटीसीसी या समन्वय संस्थेकडे नोंदणी होते, तीही एकाच हॉस्पिटलमार्फत. ट्रान्सप्लांट सेंटरमध्येच ब्रेन-डेड दाता मिळाला, तर साधारणपणे एक किडनी त्याच हॉस्पिटलच्या यादीला, दुसरी शहराच्या. म्हणजे विचारायचं असं: तुमच्याकडे अवयवदान किती होतं? आमच्या रक्तगटाचे किती जण पुढे आहेत? दोन जोडप्यांत दात्यांची अदलाबदल करता का? (२०११ च्या दुरुस्तीने हे कायद्यात बसतं.)

एका ठिकाणी कोऑर्डिनेटर नुसतेच हसले. ते हॉस्पिटल आम्ही सोडलं.