हवेतली मोटार आणि खचलेले काँक्रीट

ब्रुकलँड्स या मोटार शर्यतींच्या धावपट्टीच्या जुन्या छायाचित्रांपैकी एक अतिशय गाजलेले छायाचित्र जॉन कॉबच्या नेपिअर-रेल्टन मोटारीचे आहे. बारा सिलिंडरचे, सुमारे 24 लिटरचे विमानाचे इंजिन बसवलेली ती अजस्र गाडी जमीन सोडून अधांतरी दिसते. याच गाडीने 1935 साली ताशी 143.44 मैलांची फेरी मारली आणि तो विक्रम तिथे पुढे कुणालाच मोडता आला नाही. पाहणारा कॉबच्या धाडसाला दाद देतो आणि ती रास्तच आहे. तरीही या छायाचित्रातून चालकाविषयी जितके कळते, त्याहून अधिक त्याच्या चाकांखालच्या धावपट्टीविषयी कळते, असे माझे म्हणणे आहे.

इंग्लंडमध्ये रस्त्यावरची वेगमर्यादा ताशी 20 मैल होती, तेव्हा ह्यू लॉक किंग या जमीनदाराने सरे परगण्यात वेब्रिजजवळ स्वखर्चाने ब्रुकलँड्सची ही पावणेतीन मैलांची धावपट्टी बांधली. 1907 च्या जूनमध्ये ती खुली झाली. वळणे तीसेक फुटांपर्यंत तिरकी उचललेली होती. इतक्या तीव्र उतारावर डांबर बसवणे त्या काळी कठीण, म्हणून काँक्रीट ओतले गेले. पण मातीच्या भरावावरचे काँक्रीट वर्षागणिक खचते. पहिल्या महायुद्धात लष्करी मालमोटारींनी त्यात भर घातली. वे नदी ओलांडताना धावपट्टीवर जो उंचवटा तयार झाला, त्यावरूनच वेगवान गाड्या उडत. म्हणजे छायाचित्रातली झेप ही निम्मी इंजिनाची आणि निम्मी बांधकामाच्या दोषाची आहे.

यावर आक्षेप येईल की छायाचित्रकार नाट्य शोधत त्या उंचवट्यापाशीच उभे राहत. मग हा पुरावा एकांगी नाही का? एकांगी आहेच. संपूर्ण धावपट्टी किती खराब होती, हे अशा चित्रांवरून ठरवता येणार नाही. मात्र एकाच जागी वेगवेगळ्या गाड्या उडताना दिसतात, तेव्हा कारण गाडीत नसून जागेत आहे, एवढे नक्की सिद्ध होते. दुसरा आक्षेप कॅमेऱ्याच्या प्रामाणिकपणाचा. त्या काळच्या अनेक चित्रांत चाके लंबगोल होऊन पुढे झुकलेली दिसतात. शटरची फट काचेवरून सरकत जाई. चाकाचा खालचा भाग आधी टिपला जाई, वरचा नंतर, आणि तोवर गाडी पुढे गेलेली असे. हे खोटे खरेच, पण त्याचे कारण कळले की त्याचा हिशेब मांडता येतो. झुकलेले चाक पाहून गाडी पुढे कलली होती असे मानू नये, इतकाच त्याचा धडा.

मग वेळेच्या नोंदी पुरेशा नाहीत का? ताशी 143.44 मैल हा आकडा गाडी किती वेगाने धावली ते सांगतो. ती कोणत्या पृष्ठभागावर, किती धक्के खात धावली, हे त्यात नाही. उंची जेमतेम पाच फूट असलेल्या के पेट्री या महिला चालकाने 1935 साली साडेदहा लिटरची डेलाज इथेच ताशी 134.75 मैलांनी पळवली. या आकड्याचे मोल ती पट्टी पाहिल्यावरच कळते. 1939 मध्ये युद्धामुळे शर्यती थांबल्या, जागा विमानांच्या कारखान्यांकडे गेली आणि धावपट्टीचे काही तुकडेच उरले. म्हणून संग्रहालयाने अशा चित्राखाली चालक, गाडी आणि वर्ष यांच्या जोडीला जागाही लिहावी. तेवढ्या एका शब्दाने चित्रातल्या शौर्याची खरी किंमत कळेल.