बासन सोडण्याआधी

खालच्या दालनात काचेच्या पेट्यांमध्ये मांडलेल्या पोथ्या बघूनच तुम्ही वर आला आहात. मघाशी मीही तिथे उभा होतो. शेजारी दोन मुली होत्या, बी.ए.च्या असाव्यात. एक दुसरीला म्हणाली, "हे पोथी एवढी जुनी आहे, हे कायच्यावरून?" दुसरीनं पेटीतली चिठ्ठी दाखवली. पहिली म्हणाली, "अन् चिठ्ठी कोणं लिहिली?"

मी अकोल्याला तीस-पस्तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. ज्ञानमीमांसेचा तास म्हटला की मुलं खिडकीबाहेर बघायची. त्या तासाला मी जे विचारून घ्यायचा प्रयत्न करत होतो, ते या मुलीनं पेटीसमोर उभं राहून एका वाक्यात विचारलं. म्हणून आणलेली टिपणं बाजूला ठेवतो आणि तिच्याच प्रश्नापासून सुरुवात करतो. ग्रंथालयातला अभिलेखागार जपतो काय? आपण म्हणतो कागद. माझं म्हणणं असं की, तो "कशावरून?" याचं उत्तर जपतो. ते उत्तर गेलं तर कागद असून नसल्यासारखा.

आपल्या न्यायदर्शनात चार प्रमाणं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. तुम्ही-आम्ही जे जे जाणतो, त्यातलं बहुतेक या चौथ्या खात्यातलं असतं. आपली जन्मतारीखसुद्धा आपल्याला कोणीतरी सांगितलेली असते. मग सांगणारा कोण, त्यानं स्वतः पाहिलं की ऐकलं, आणि ते आपल्यापर्यंत कोणत्या हातांनी आलं, हे विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

हे विचारायला आपल्याला लांब जावं लागत नाही. इथून रिद्धपूर किती दूर? मोर्शी तालुक्यातलं गाव, आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी तिथे 'लीळाचरित्र' रचलं. साधारणपणे 1278 हे साल सांगतात. चक्रधरस्वामी निघून गेले होते, त्यांना पाहिलेली माणसं मात्र हयात होती. म्हाइंभटांनी काय केलं? ते या माणसांकडे गेले. ज्याच्यासमोर जे घडलं ते त्याच्याकडून ऐकलं, टिपून घेतलं आणि नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. मराठी गद्याचा पाया म्हणून आपण या ग्रंथाकडे बघतो, ते योग्यच आहे. पण मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. साक्षीदार गाठून, त्याचं सांगणं दुसऱ्याकडून पडताळून केलेलं इतकं जुनं काम आपल्या भाषेत आहे, आणि ते वऱ्हाडात झालेलं आहे.

पुढची हकीकत जास्त महत्त्वाची. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दिल्लीच्या फौजांची धाड आली, पंथाची माणसं पांगली आणि मूळ प्रत गेली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना लीळा पाठ होत्या, त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. त्यात हिराइसा या बाईंचं नाव मोठं आहे. आता पाच जणांनी आठवून सांगितलं की पाच ठिकाणी फरक पडणारच. एखाद्यानं आपल्याला बरा वाटला तो पाठ ठेवला असता आणि बाकीचे टाकून दिले असते. या लोकांनी तसं केलं नाही. अमक्याच्या सांगण्यात असं आहे, तमक्याच्या सांगण्यात तसं आहे, हे त्यांनी नावासकट पोथीत ठेवलं. अशा वेगळ्या पाठाला त्यांच्याकडे 'वासना' म्हणतात. शब्द ऐकून दचकू नका, इथे त्याचा अर्थ पाठभेद एवढाच. प्रत हरवली, पण कोणी काय सांगितलं याची नोंद त्यांनी हरवू दिली नाही.

आता खालच्या पेटीकडे परत जाऊ. पोथी आपल्याबद्दल स्वतःही पुष्कळ बोलते. शेवटच्या पानावर बहुधा चार ओळी असतात, तिला पुष्पिका म्हणतात. कोणी लिहिली, कोणासाठी, कुठे, कोणत्या शकात, हे त्यात येतं. त्यात चुकाही असतात, कारण नकलनवीस कधी कधी समोरच्या जुन्या पोथीतला शकच उतरवून ठेवतो. म्हणजे कागद नवा आणि तारीख जुनी. मग कागद, अक्षराचं वळण, शाई हे बघून ताडून घ्यावं लागतं. पानांवर मधेच पिवळे पट्टे दिसले असतील. तो हरताळ. चुकलेलं अक्षर झाकायला हरताळ फासत आणि त्यावर पुन्हा लिहीत. आपण बोलताना एखाद्या गोष्टीला हरताळ फासतो, तो इथूनच आला. 'बासनात गुंडाळून ठेवणं'सुद्धा इथलंच. बासन म्हणजे पोथी बांधायचं फडकं. मला या वाक्प्रचाराचा जरा रागच येतो. आज त्याचा अर्थ विषय संपवणं असा झाला आहे, तेव्हा मात्र तो जपून ठेवणं असा होता.

पंथाच्या पुष्कळ पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आहेत. अक्षरांची अदलाबदल करून लिहायचं, म्हणजे परक्याला वाचता येऊ नये. त्यामुळे शतकानुशतकं हे वाङ्मय बाहेरच्यांना असून नसल्यासारखं होतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपीची किल्ली लोकांपुढे ठेवली. मग यवतमाळला य. खु. देशपांड्यांनी पोथ्या जमवल्या, आणि आपल्या मलकापूरकडचे वि. भि. कोलते आयुष्यभर पोथ्या ताडून बघत राहिले. त्यांचं संपादित 'लीळाचरित्र' 1978 साली आलं. मधे 1966 ते 1972 ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही होते. कुलगुरूंना पोथ्या वाचायला वेळ मिळत असे, असा तो काळ.

अमरावतीचं विद्यापीठ 1983चं. त्याआधी आपली सगळी कॉलेजं नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. म्हणून वऱ्हाडातलं जुनं काही शोधायचं तर एक पाय नागपुरात ठेवावा लागतो, दुसरा मठांमध्ये, आणि तिसरा असलाच तर लोकांच्या घरांत. घरांबद्दल बोलताना मला स्वतःचंच एक सांगावं लागेल.

चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्या आत्याचं गावाकडचं धाब्याचं घर पाडायला काढलं. माडीवर एका पेटीत बासनं होती. मी शिकलेला भाचा. बैलगाडीत जागा कमी, म्हणून निवड केली. चांगल्या अक्षरातल्या दोन पोथ्या घेतल्या. बाकी मोडी कागद, हिशेबाच्या वह्या, फडकी, एक फाटकी यादी, सगळं तिथेच सोडलं. ते उधईनं खाल्लं की चुलीत गेलं, मला माहीत नाही. पुढे एक पोथी एका जाणकाराला दाखवली. त्यानं पहिलाच प्रश्न केला, "ही तुमच्या घरात आली कुठून?" पुष्पिकेचं पान तर नव्हतंच. उत्तर त्या वह्यांमध्ये असणार होतं. पोथी कोणाला वाचायला दिली, कोणाकडून उतरवून घेतली, त्याबद्दल काय दिलं, हे हिशेबातच सापडतं. मी धान्य आणलं आणि सातबारा टाकून दिला. आज ती पोथी माझ्याकडे आहे, सुंदर आहे, आणि मुकी आहे.

1841 साली फ्रान्सच्या गृहखात्यानं आपल्या दफ्तरखान्यांना एक नियम घालून दिला. एका घराण्याचे किंवा कचेरीचे कागद एकत्रच ठेवायचे, विषयवार दुसऱ्यांच्या कागदांत मिसळायचे नाहीत. आज जगभर हाच नियम पाळतात. आपल्याला वाटतं, सगळ्या पोथ्या एका कपाटात आणि सगळे हिशेब दुसऱ्यात लावले की व्यवस्था झाली. खरं तर त्याच घडीला साक्षीदार उठून निघून गेलेला असतो.

प्रदर्शनाबद्दलही थोडं बोलतो, संयोजक रागावणार नाहीत अशी आशा आहे. काचेच्या पेटीत पोथीचं एकच पान उघडं असतं, आणि तेही बहुधा सगळ्यात देखणं. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाची शिवारफेरी तुम्ही पाहिली असेल. तिथे शेतकरी उभ्या पिकात शिरतो, पान उलटून कीड बघतो आणि शास्त्रज्ञाला तोंडावर विचारतो. पोथ्यांची अशी शिवारफेरी का नसावी? पोथीला हात लावू नका, ते बरोबरच. पण पुष्पिकेचा मोठा फोटो लावा, दाखल नोंदवहीतली तिची ओळ दाखवा, कोणी दिली आणि केव्हा दिली ते लिहा. पाठभेदाची जागा दाखवा. त्या मुलीला तिचं उत्तर तिथल्या तिथे मिळालं असतं. स्कॅन करण्याचंही तेच. पानांची चित्रं संगणकावर चढली म्हणजे काम संपलं असं पुष्कळांना वाटतं. पण फडक्यावरची चिठ्ठी, पानांचा मूळ क्रम आणि सोबतचे सुटे कागद चित्रात आले नाहीत, तर माझ्या पोथीसारख्याच हजार मुक्या पोथ्या तयार होतील, फक्त चकचकीत.

(प्रश्न: सर, आमच्या घरी आजोबाचं एक बाड आहे. उद्या आणून देऊ काय?)

उद्या नका आणू, बापू. आधी ते जिथे आहे तिथेच, जसं आहे तसं, मोबाइलनं फोटो काढा. पेटी, कोनाडा, वरचं फडकं, गाठ, सगळं. मग घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बसवा आणि हे कोणाचं, कुठून आलं, कोण वाचत असे, ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. तुमची आजी आहे का? आहे ना, मग आजच बसा. पानं वेगळी करू नका, उन्हात टाकू नका, सेलोटेप लावू नका, आणि लॅमिनेशन तर मुळीच नको. बासन सोडलंच तर ते फडकंही ठेवा. मग ते सगळं घेऊन या. मी गुरुवारी इथे असतो, दुपारी तीननंतर.