गो, वेंट, गॉन: समज किती, गैरसमज किती?

मराठी माध्यमात शिकलेल्या कित्येकांच्या कानात ‘गो, वेंट, गॉन’ अजून वर्गाच्या सुरात घुमतं. तक्ता तोंडपाठ असतो, तरी बोलायची वेळ आली की ‘डिड यू वेंट?’ निघून जातं. पाठांतर पक्कं असूनही कुठलं रूप कुठे बसतं याविषयीच्या समजुती घोळ घालतात. ‘गो’लाच हाताशी धरून त्या तपासू.

गैरसमज १: अनियमित क्रियापद प्रत्येक काळात वेगळं रूप घेतं.

वस्तुस्थिती: शाळेतल्या बारा काळांच्या तक्त्यात ‘गो’ बसवून बघा. साधा वर्तमान आणि साधा भविष्य यांत मूळ रूप: ‘आय गो’, ‘आय विल गो’. चालू आणि चालू-पूर्ण मिळून सहा काळ. ‘ॲम गोइंग’पासून ‘विल हॅव बीन गोइंग’पर्यंत सहाही ठिकाणी ‘गोइंग’. तिन्ही पूर्ण काळांत ‘गॉन’: ‘हॅव गॉन’, ‘हॅड गॉन’, ‘विल हॅव गॉन’. ‘वेंट’च्या वाट्याला उरतो एकटा साधा भूतकाळ. म्हणजे बारांपैकी आठ घरांत हे क्रियापद ‘वॉक’इतकंच सरळ वागतं. खरा अपवाद ‘बी’चा. त्याची ॲम, इज, आर, वॉज, वर, बी, बीइंग, बीन अशी आठ रूपं होतात.

गैरसमज २: वाक्य भूतकाळातलं असलं की दुसरं रूप हवंच.

वस्तुस्थिती: साध्या भूतकाळातही ‘वेंट’ प्रामुख्याने होकारार्थी विधानात येतं. नकार किंवा प्रश्न आला की भूतकाळ ‘डिड’ अंगावर घेतो आणि क्रियापद मूळ रूपावर परततं: ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू गो?’ आपण अडखळतो, कारण मराठीत ‘गेलो’, ‘गेलो नाही’, ‘गेलो का?’ यांत क्रियापद जागचं हलत नाही. प्रश्न कर्त्याचाच असेल तर मात्र ‘हू वेंट?’ हेच बरोबर. तिथे ‘डिड’ लागत नाही.

गैरसमज ३: दुसरं काय, तिसरं काय, भूतकाळ समजला म्हणजे झालं.

वस्तुस्थिती: ‘आय हॅव वेंट’ हे आपलं लाडकं वाक्य थेट मराठीतून येतं. गेलो, गेलो आहे, गेलो होतो, तिन्हीकडे आपलं ‘गेलो’ एकच. इंग्रजीत हॅव, हॅज, हॅड यांच्यामागे तिसरंच रूप येतं. ‘मेड’, ‘बॉट’ यांची दोन्ही रूपं सारखी असल्यामुळे चूक झाकली जाते. ‘ही हॅज केम’ म्हटलं की ती उघडी पडते, कारण तिथे ‘कम’ हवं. ‘पुट’ची तर तिन्ही रूपं एक. मग काळ कळायचा कसा? ‘ही पुट्स’ म्हणजे वर्तमान. ‘ही पुट’मध्ये शेवटचा ‘स’ नाही, म्हणून तो भूतकाळ.

गैरसमज ४: ही रूपं म्हणजे इंग्रजीचा निव्वळ बेशिस्तपणा.

वस्तुस्थिती: ‘सिंग, सँग, संग’ आणि ‘ड्रिंक, ड्रँक, ड्रंक’ शेजारी ठेवा, शिस्त दिसेल. आतला स्वर बदलून काळ दाखवण्याची ही जुनी जर्मानिक पद्धत. जर्मनमध्ये गाण्याचं क्रियापद आजही ‘झिंगेन, झांग, गेझुंगेन’ असंच चालतं. अशा क्रियापदांना ‘सबळ’ हे नाव याकोब ग्रिम यांनी दिलं.

‘वेंट’ची गोष्ट वेगळी. ते मुळात ‘वेंड’ या दुसऱ्याच क्रियापदाचं भूतकाळी रूप. जुन्या इंग्रजीत ‘गो’चा भूतकाळ निराळा होता, तो मागे पडला आणि त्या जागी हे येऊन बसलं. मराठीला यात नवल वाटायला नको. आपलं ‘जातो’ संस्कृत ‘या’ धातूतून आलं आणि ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’मधून. ‘बी’मध्ये तर तीन धातू एकत्र आले. ‘इज’चं नातं संस्कृत ‘अस्’शी, ‘बी’चं ‘भू’शी आणि ‘वॉज’चं ‘वस्’शी.

गैरसमज ५: काळाच्या ओघात सगळी क्रियापदं नियमित होतील.

वस्तुस्थिती: काही होतात. ‘हेल्प’चं पूर्वी ‘होल्प’ होत असे, आता ‘हेल्प्ड’ होतं. एरेझ लिबरमन, मार्टिन नोवाक आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ‘नेचर’मध्ये हिशेब मांडला. जुन्या इंग्रजीतल्या १७७ अनियमित क्रियापदांपैकी मध्ययुगीन इंग्रजीत १४५ तशीच राहिली आणि आज ९८ उरली आहेत. ज्याचा वापर शंभरपट कमी, ते दहापट वेगाने नियमित होतं. जे रोज तोंडी असतं त्याचं जुनं रूप कोणी विसरत नाही. इंग्रजीत सर्वाधिक वापरली जाणारी बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट ही दहाही अनियमित आहेत.

उलटा प्रवासही होतो. १६११च्या बायबलमध्ये ‘डिग’चा भूतकाळ ‘डिग्ड’ आहे, आज सगळे ‘डग’ म्हणतात.

गैरसमज ६: ‘गॉटन’ ही अमेरिकनांनी केलेली मोडतोड.

वस्तुस्थिती: हे जुनं इंग्लिश रूप आहे. अमेरिकेत ते टिकलं, ब्रिटनमध्ये ‘गॉट’ रूढ झालं.

गैरसमज ७: तक्ता पाठ झाला की क्रियापद आलं.

वस्तुस्थिती: तक्ता रूपं देतो, त्यांच्या जागा देत नाही. वरची दहा क्रियापदं घ्या आणि ‘बी’ वगळून प्रत्येकाची चार वाक्यं मोठ्याने म्हणा: ‘आय टुक’, ‘आय डिडन्ट टेक’, ‘डिड यू टेक?’, ‘आय हॅव टेकन’. ‘बी’ला ‘डिड’ लागत नाही, त्याचा सराव वेगळा करावा. बाकीच्यांची ही चार वाक्यं न अडखळता आली की उरलेला तक्ता ‘वॉक’च्याच वाटेने सुटतो.