गर्भाचे पहिले चित्र

सोनोग्राफीच्या यंत्राशी आम्हा कारखान्यातल्या माणसांचे जुने नाते आहे, हे ऐकून श्रोत्यांना नवल वाटेल. बॉयलरच्या जाड पत्र्यात तडा आहे काय, हे पत्रा न कापता पाहावयाचे, तर त्यात कानाला ऐकू न येणारा ध्वनी सोडतात आणि परतणारा प्रतिध्वनी टिपतात. १९५५ साली ग्लासगोचे प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड शस्त्रक्रियेने काढलेल्या गाठी मोटारीत घालून रेनफ्र्यूच्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कारखान्यात गेले. पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी निराळे निघाले! १९५८ साली त्यांचा लेख 'लॅन्सेट'मध्ये आला.

गर्भाचे चित्रही याच रीतीने उमटते. शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजता पाचव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाशयात इवलीशी काळी पिशवी दिसते. काळी, कारण पाणी प्रतिध्वनी देत नाही. सहाव्याच्या सुमारास गर्भ व त्याची धडधड. पोटावरून पाहिल्यास हे थोडे उशिरा दिसते. गर्भ एक की जुळे, गर्भाशयात की नळीत, हेही कळते. नळीतला गर्भ वेळीच कळला तर बाईचा जीव वाचतो. अवयवांची बारकाईची तपासणी मात्र अठरा-वीस आठवड्यांची. आणि मुलगा की मुलगी, हे या आठवड्यांत दिसतही नाही. पुढे दिसले तरी सांगण्यास १९९४ च्या कायद्याने बंदी केली. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ सालीच केला होता.

आमचा खरा मुद्दा घाईचा आहे. 'धडधड नाही' एवढे ऐकून बाई रडत घरी येते. पण पाळी मागेपुढे झाली असेल तर गर्भच लहान असतो. गर्भाची लांबी ७ मिलिमीटर होईपर्यंत एका चित्रावरून निकाल द्यावयाचा नसतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पाहतात. पोटात कळा, रक्तस्राव किंवा चक्कर असेल तर मात्र क्षणभर थांबू नये.

आणि तारीख! पहिल्या तीन महिन्यांत डोक्यापासून ढुंगणापर्यंतच्या लांबीवरून काढलेली प्रसूतीची तारीख सहसा आठवड्याच्या आतबाहेर चुकते. पुढे प्रत्येक मूल आपल्या चालीने वाढते, चूकही वाढते. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, त्यांतले आठच प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते मोजावयाचे याच तारखेपासून मागे. म्हणून पहिल्या सोनोग्राफीचा कागद पगाराच्या चिठ्ठ्यांबरोबर जपून ठेवा, असे आम्ही आमच्या भगिनींना सांगतो.