औषध पोटात जातं... पण पोचतं कुठे?

ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक स्ट्रिप अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची, एक डोकेदुखीची आणि पर्समध्ये इमर्जन्सी म्हणून एखादी तापाची. आपल्या जनरेशनचं हे स्टॅण्डर्ड मेडिकल किट! मीटिंग संपता संपता गोळी तोंडात टाकायची, वर कॉफीचा घोट घ्यायचा आणि पुढच्या कॉलला बसायचं. पण ही गोळी गोळीच का आहे? सिरप का नाही? इंजेक्शन का नाही? असा प्रश्न कधी पडलाय?

मला तो रोज पडतो, कारण माझं पोटच त्यावर चालतं. मी पुण्यात एका औषध कंपनीच्या फॉर्म्युलेशन विभागात काम करते. म्हणजे काय, तर औषधाचा रेणू दुसरं कुणीतरी शोधतं. आम्ही त्याला कपडे घालतो आणि वाट दाखवतो. गोळी, कॅप्सूल, मलम, पंप, पॅच, सुई... हे सगळे त्याचे कपडे. आणि कपडे निवडताना फॅशन बघून चालत नाही. रेणूचा स्वभाव आणि त्याला जायचंय तो पत्ता, दोन्ही बघावं लागतं.

माझं गाव भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यात. तलावांचा आणि धानाचा मुलूख. आणि गंमत म्हणजे हा विषय पुण्यातल्या एसी लॅबपेक्षा मला तिथेच जास्त नीट कळला.

पोटातून जाणारा लांबचा रस्ता

आधी थोडं बेसिक. तोंडावाटे घेतलेली गोळी पहिल्यांदा पोटातल्या अ‍ॅसिडला सामोरी जाते. तिथून आतड्यात. आतड्याच्या भिंतीतून रक्तात शिरली, तरी ते रक्त आधी जातं यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये. लिव्हर हा आपल्या शरीराचा टोलनाका! काही औषधांचा बराचसा भाग तो तिथेच वसूल करतो आणि उरलेलं पुढे सोडतो.

म्हणून छातीत दुखू लागलं की डॉक्टर सॉर्बिट्रेट गिळायला न सांगता जिभेखाली ठेवायला सांगतात. जिभेखालच्या रक्तवाहिन्यांमधून औषध टोलनाका चुकवून थेट पुढे जातं आणि काही मिनिटांत काम सुरू करतं. दम्याचा पंप औषध थेट फुफ्फुसात नेतो, त्यामुळे अगदी थोड्या डोसमध्ये भागतं.

आणि तुमच्या ड्रॉवरमधली ती पॅन्टोप्राझोल? तिची तर वेगळीच स्टोरी. अ‍ॅसिड कमी करणारं हे औषध स्वतः मात्र अ‍ॅसिडमध्ये टिकत नाही! म्हणून तिच्यावर पोटात न विरघळणारं आणि आतड्यात गेल्यावरच उघडणारं कोटिंग असतं. ती तोडून किंवा चावून खाल्ली, की चिलखत फोडून शिपायाला लढाईवर पाठवल्यासारखं होतं.

पंधरा किलोचं पोर आणि पाचशेची कॅप्सूल

आता चला भंडाऱ्याला. पूर्व विदर्भात सिकलसेल हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. आईवडील दोघांकडून दोष आला, की मुलाच्या लाल पेशी गोल राहत नाहीत, विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मग हाडं फोडून काढणाऱ्या वेदना सुरू होतात. डॉक्टर त्याला क्रायसिस म्हणतात. माझ्या मावसबहिणीचा सहा वर्षांचा मुलगा या वेदनेला ‘आतून कोणी पिळते’ असं म्हणतो. रोवणीच्या दिवसांत, हातातलं काम बांधीत टाकून, त्याला मोटरसायकलवर मधे बसवून दवाखाना गाठायचा, हे त्या घराचं वेळापत्रक झालंय.

या आजारावर बऱ्यापैकी उपयोगी पडणारं औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. रेणू म्हातारा आहे. 1869 मध्ये जर्मनीत पहिल्यांदा तयार झाला, पुढे कॅन्सरसाठी वापरात आला आणि 1998 मध्ये अमेरिकेत प्रौढांच्या सिकलसेलसाठी मंजूर झाला. तो शरीराला गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार करायला लावतो. हे हिमोग्लोबिन वाढलं की पेशी वाकण्याचं प्रमाण कमी होतं.

फॉर्म्युलेशनवाल्याच्या नजरेनं पाहिलं तर हा ड्रीम रेणू! एवढासा, पाण्यात झटकन विरघळणारा, आतड्यातून जवळजवळ पूर्ण शोषला जाणारा. इंजेक्शनची गरजच नाही. शरीरातून तो काही तासांत निघून जातो, पण त्याचा परिणाम हळूहळू साठत जातो, त्यामुळे दिवसातून एकदा घेतला तरी पुरतं. मग अडचण कुठेय?

अडचण आहे मापात. आपल्याकडे सर्रास मिळते ती 500 मिलिग्रॅमची कॅप्सूल. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन आणि सहकाऱ्यांनी मुलांवर अभ्यास करून, दर किलो वजनामागे रोज 10 मिलिग्रॅम एवढ्या कमी डोसनंही क्रायसिस चांगलेच घटतात, हे 2012 मध्ये दाखवून दिलं. आपल्या मातीतल्या मुलांसाठी हे फार मोलाचं काम. आता गणित करा. पोराचं वजन 15 किलो, म्हणजे रोज 150 मिलिग्रॅम. हातात कॅप्सूल 500 ची. कॅप्सूलचे तीन तुकडे करायचे कसे?

उघडून पावडर वाटायची? तर हे मुळात पेशींची वाढ रोखणारं औषध. त्याची पावडर उघड्या हातानं हाताळू नये. गरोदर बाईनं तर तिच्यापासून लांबच राहावं. शिवाय हा रेणू हवेतला ओलावा ओढून घेतो आणि ओलाव्यात, उष्णतेत खराब होतो. जुलैतला पूर्व विदर्भ आठवा... आगपेटीची काडीसुद्धा पेटत नाही! काही ठिकाणी डॉक्टर मोजलेल्या पाण्यात कॅप्सूल विरघळवून त्यातला ठरावीक भाग द्यायला शिकवतात. विरघळण्याचा गुण इथे कामी येतो. पण हे डॉक्टरांनी शिकवल्यावरच करायचं, मनानं नाही.

परदेशात यावर तोडगे निघाले. पाण्यात विरघळणारी 100 मिलिग्रॅमची गोळी आली, 2019 मध्ये युरोपात तोंडावाटे द्यायचं तयार द्रावणही मंजूर झालं. पण ते द्रावण ठेवायचं फ्रिजमध्ये, 2 ते 8 अंशांत. ज्या गावात मे महिन्यात पारा 45 च्या आसपास आणि लाइट केव्हा येईल ते महावितरणलाच ठाऊक, तिथे हे औषध कागदावरच चांगलं!

म्हणून 2024 ची एक बातमी माझ्यासाठी आयपीएलच्या फायनलहून मोठी होती. अकुम्स या भारतीय कंपनीनं सामान्य तापमानात टिकणारं, लहान मुलांसाठीचं हायड्रॉक्सियुरियाचं पातळ औषध आणल्याचं जाहीर केलं. तेही परदेशी औषधाच्या सुमारे एक टक्का किमतीत, असं कंपनीचं म्हणणं. रेणू तोच, 1869 चा. बदलले फक्त कपडे. पण त्या कपड्यांमुळेच तो पोराच्या मापाचा झाला. 1 जुलै 2023 ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशनचं उद्दिष्ट 7 कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. तपासणीत सापडलेल्या प्रत्येक लहान मुलाच्या हातात त्याच्या वजनाचं औषध पडलं, तरच त्या तपासणीला अर्थ.

बांधीतला साप आणि बाटलीतली पावडर

आमच्या गावाकडे एक समज पक्का आहे. गोळी म्हणजे हलकं औषध, सुई म्हणजे दमदार. ‘डॉक्टरसाहेब, एक सुई लावून द्या न जी, गोळीनं का होते?’ हे वाक्य प्रत्येक आरोग्य केंद्रात दिवसातून दहादा ऐकू येतं. खरं तर बहुतेक वेळा गोळी पुरते. सर्पदंश मात्र असा प्रसंग, जिथे सुईला पर्याय नाही. तीही साधी दंडातली नाही, थेट शिरेतली.

का? कारण सापाच्या विषावरचं औषध म्हणजे घोड्याच्या रक्तातून मिळवलेली प्रतिद्रव्यं. हायड्रॉक्सियुरियाच्या रेणूपेक्षा हजार पटींहून जड प्रथिनं! गोळी करून गिळली, तर पोट त्यांना वरणासारखं पचवून टाकेल. आतड्याच्या भिंतीतून एवढं अवजड सामान जाणारही नाही. दंडात सुई दिली तर स्नायूतून रक्तात पोचायला वेळ लागतो. त्यात घोणसाच्या विषानं रक्त गोठणं बंद झालं असेल, तर सुईच्या जागीच रक्त साचतं. म्हणून सलाइनमधून, शिरेतून. भारतात नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच औषध चालतं. मुंबईच्या हाफकिननं ते वर्षानुवर्षं बनवलंय.

आता इथली आयडिया बघा. पातळ स्वरूपात हे औषध ठेवायचं तर फ्रिज हवा. म्हणून ते गोठवून वाळवतात, पावडर करतात. मग ती खेड्यातल्या आरोग्य केंद्राच्या साध्या कपाटातही काही वर्षं टिकते. ऐनवेळी इंजेक्शनच्या शुद्ध पाण्यात विरघळवायची. जोरात हलवायची नाही, फेस होतो. बाटली हातात हलकेच फिरवायची. सुरुवातीलाच साधारण 8 ते 10 बाटल्या लागतात आणि घोड्याच्या प्रथिनांची रिअ‍ॅक्शन येऊ शकते म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन भरून तयार ठेवावं लागतं. म्हणजे औषध कपाटात टिकतं, पण द्यायला शिकलेला माणूस लागतोच. बांधीपासून त्या माणसापर्यंतचं अंतर, हाच खरा जीवन-मरणाचा हिशेब.

मग बांधीवरच घेता येईल अशी गोळी का नाही? प्रयत्न सुरू आहेत. व्हरेस्प्लाडिब नावाचा एक छोटा रेणू तोंडावाटे घेता येतो आणि विषातल्या एका महत्त्वाच्या घटकाला रोखतो. भारत आणि अमेरिकेत त्याची रुग्णांवर चाचणी झाली. एकूण निकाल ठरवलेल्या कसोटीवर उतरला नाही, पण दंशानंतर लवकर गोळी मिळालेल्यांत आशेला जागा दिसली. तोवर मंत्र एकच. मांत्रिक नाही, चिरा देणं नाही, करकचून बांधणं नाही. हातपाय न हलवता थेट दवाखाना!

हत्तीपाय आणि उंचीची काठी

भंडाऱ्यात हत्तीपायही आहे. डास चावून शिरलेले जंत शरीरात वर्षानुवर्षं राहतात. इथे रणनीती उलटी: रुग्णाला नाही, गावाला औषध द्यायचं, तेही वर्षातून एकदा, घरोघरी जाऊन. 2019 मध्ये तीन औषधांची एकत्र मोहीम देशात ज्या पहिल्या काही जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं नागपूर होतं. आता घरोघरी वजनकाटा कोण नेणार? म्हणून आयव्हरमेक्टिनचा डोस उंचीवरून ठरतो. खुणा केलेली काठी, बस्स! अल्बेंडाझोल चावून खायची, कारण ती पाण्यात जेमतेम विरघळते. आणि या गोळ्या रिकाम्या पोटी घ्यायच्या नाहीत.

सुईची गोळी होते तेव्हा...

शहरातल्या आपल्या फ्रेंड सर्कलमध्ये सध्या सेमाग्लुटाइडची चर्चा जोरात आहे. तेही प्रथिनाच्याच जातीचं, म्हणून आधी इंजेक्शन आलं. 2019 मध्ये अमेरिकेत त्याची गोळीही मंजूर झाली. कशी? पोटाच्या भिंतीतून शिरायला मदत करणारा एक सोबती रेणू गोळीत घालून. पण किंमत बघा. आठवड्याला 1 मिलिग्रॅमचं इंजेक्शन, तर गोळी रोज 14 मिलिग्रॅमची! कारण आत पोचतो जेमतेम एक टक्का. वर रिकामं पोट, अर्धा कप पाणी आणि पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही. सुईपासून सुटका फुकट मिळत नाही.

सो, तुमच्या ड्रॉवरसाठी एवढं करा

- नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर किंवा सीआर असेल, तर गोळी तोडू नका, चावू नका. दिवसभराचा डोस एकदम सुटतो.
- कोटिंगवाली अ‍ॅसिडिटीची गोळी अख्खी गिळा, शक्यतो जेवणाआधी.
- लहान मुलाला मोठ्यांची गोळी अंदाजानं अर्धी करून देऊ नका. मुलांचं माप वजनावर ठरतं.
- औषधं बाथरूममध्ये किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. ओलावा आणि ऊन हे दोन शत्रू.
- डॉक्टर गोळी देत असतील तर सुईचा हट्ट नको आणि सुईच हवी म्हणत असतील तर गोळीचा नको.

आणि लग्न ठरवताना पत्रिका बघत असाल, तर सोबत सिकलसेलची रक्ततपासणीही करून घ्या. विशेषतः मुळं आमच्या पूर्व विदर्भात असतील तर नक्कीच. सरकारी दवाखान्यात ती होते. एका पोराचं बालपण वाचवायला तेवढंसं रक्त जास्त नाही.